विस्तवाशिवाय उकळणारे कालवण

क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्ही ब्राझीलच्या किनाऱ्यावरील व्हिटोरिया शहरात एका उपाहारगृहात जेवायला बसला आहात. हे शहर म्हणजे एस्पिरितो सांतो या राज्याची राजधानी. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि खारफुटीचे रान. वाढपी एक जाडजूड, काळेकुळकुळीत मातीचे भांडे आणून टेबलावर ठेवतो आणि झाकण उघडतो. आत माशांचे लालसर कालवण रटरट उकळत आहे! खाली ना शेगडी, ना निखारे. एक मिनिट जाते, दोन मिनिटे जातात, तरी बुडबुडे येतच आहेत. ही काय जादू आहे?

या कालवणाचे नाव मोकेका. मासे, टोमॅटो, कांदा, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू हे त्यातले मुख्य जिन्नस. लाल रंग येतो तो शेंदरीच्या बियांचा. वरून पाणी मुळीच घालत नाहीत; मासे आणि टोमॅटो यांना सुटलेल्या पाण्यातच सारे शिजते. उत्तरेकडील बाहिया राज्यात याच कालवणात नारळाचे दूध आणि पामचे तेल घालतात, आणि खरा मोकेका कोणाचा यावर दोन्ही राज्यांतील माणसे हिरिरीने वाद घालतात. सोबत असते पिरांव, म्हणजे माशांच्या रश्श्यात कसाव्याचे पीठ शिजवून केलेला दाट लगदा. कसावा म्हणजे आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा करतात तोच.

वादाचा निकाल लावणे आपले काम नव्हे. आपण बुडबुड्यांकडे वळू.

तुम्ही म्हणाल, "सोपे आहे. मातीची विशिष्ट उष्मा जास्त असेल, म्हणून तिच्यात उष्णता जास्त साठत असेल." वर्गात हा प्रश्न विचारला, की मला बहुधा हेच उत्तर मिळते. पण आकडे पाहा. एक ग्रॅम ॲल्युमिनियमचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ०.२१ कॅलरी उष्णता लागते, तर भाजलेल्या मातीस सुमारे ०.२ कॅलरी. म्हणजे दोघेही जवळजवळ सारखेच! मग मर्म कशात आहे?

ते आहे मातीच्या एका दोषात. माती ही उष्णतेची मंदवाहक आहे. ॲल्युमिनियम तिच्यापेक्षा दोनशेपट किंवा त्याहूनही अधिक चांगले वाहक आहे. आता चुलीवर काय घडते ते पाहू. आतले कालवण उकळू लागले, की त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास थांबते. ॲल्युमिनियमच्या पातळ पातेल्यात बाहेरची उष्णता झटकन आत जाते, त्यामुळे बुडाची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जेमतेम एखादा अंश जास्त तापते. मातीच्या भांड्यात मात उष्णतेला जाड भिंतीतून वाट काढावी लागते. आतली बाजू शंभराच्या जवळपास असताना बाहेरची बाजू तीनशे अंशांपर्यंतही चढू शकते. म्हणजे भांड्याच्या बुडात कालवणापेक्षा कितीतरी अधिक तापलेल्या मातीचा साठा तयार होतो.

भांडे चुलीवरून उतरवले, तरी हा साठा संपत नाही. तो हळूहळू आत झिरपत राहतो. एक लहानसे गणित करू. समजा, बुडाची माती १५०० ग्रॅम आहे आणि ती सरासरीने कालवणापेक्षा ५० अंश जास्त तापली आहे. तर साठा झाला १५०० × ०.२ × ५०, म्हणजे १५,००० कॅलरी. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. ही सारी उष्णता आत गेली, तर सुमारे २८ ग्रॅम पाण्याची वाफ होईल. दोनतीन चमचे पाणी! पण तेवढ्याने टेबलावर काही मिनिटे रटरट चालू राहते.

ही भांडी होतात व्हिटोरियाच्याच गोयाबेइरास या भागात. ती घडवतात मुख्यतः स्त्रिया, आणि चाक न वापरता, नुसत्या हातांनी. युरोपातील लोक तेथे येण्यापूर्वीच्या मूळ रहिवाशांची ही विद्या आईकडून मुलीकडे येत राहिली आहे. माती आणतात जवळच्या मुलेंबा नावाच्या खोऱ्यातून. वाळलेली भांडी उघड्या जाळात भाजतात आणि ती तापलेली असतानाच त्यांवर खारफुटीच्या सालीचा रस डहाळ्यांच्या जुडीने फटकारतात. सालीतील टॅनिनमुळे भांड्याला तो काळा रंग चढतो. ब्राझीलच्या शासनाच्या पारंपरिक विद्यांच्या नोंदवहीत २००२ साली पहिले नाव लिहिले गेले ते या कुंभारणींच्या विद्येचे.

पण नोंद झाली म्हणून विद्या टिकते असे नाही. खोऱ्यातली माती संपली, तर ती पुन्हा तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरणार नाही. सालीचेही तसेच. झाडाने पानांत तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. खोडाभोवतीची साल सभोवार सोलली, तर मुळांची उपासमार होऊन झाड मरते. एकाच बाजूची थोडी साल काढली, तर ते जगू शकते. तेव्हा टेबलावरचे उकळणे भौतिकशास्त्राच्या नियमाने चालत असले, तरी ते पुढच्या पिढीला दिसेल की नाही हे माती खणणाऱ्याच्या आणि साल काढणाऱ्याच्या हाताच्या संयमावर ठरेल.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. कोकणात माशांच्या कालवणाची मातीची तवली अजून काही घरांत असते. स्वयंपाकाचे असे एखादे जाड मातीचे भांडे आणि ॲल्युमिनियमचे पातेले घ्या. दोन्हींत सारखे पाणी घालून वडील मंडळींच्या देखरेखीखाली मंद आचेवर उकळा. मातीचे भांडे रिकामे तापवू नका. पाणी खळखळू लागले, की भांडी उतरवून लाकडी पाटावर ठेवायला मोठ्यांना सांगा आणि बुडबुडे थांबेपर्यंतचे सेकंद मोजा. दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. मग स्वतःलाच विचारा : मंदवाहकता हा मातीचा दोष म्हणावा, की गुण?