उत्तर दिशा छताकडे नसते

माझा नातू गेल्या वर्षी तिसरीत होता. सहामाही परीक्षेची तयारी घेताना मी त्याला सहज विचारले, ‘उत्तर दिशा कोणती?’ त्याने क्षणाचाही विलंब न लावता बोट छताकडे केले. दक्षिण विचारताच फरशीकडे पाहिले. वहीत मात्र याच प्रश्नाला पूर्ण गुण मिळालेले होते!

चूक त्याची नव्हती. शाळेतील नकाशा भिंतीवर टांगलेला असतो. त्यात उत्तर वर आणि दक्षिण खाली येते. पुढे याच समजुतीतून नद्या नेहमी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात असे मुले मानू लागतात, आणि चंबळ उत्तरेकडे वाहते हे त्यांना पटता पटत नाही. उपाय बिनखर्चाचा आहे. नकाशा जमिनीवर अंथरावा, त्याची पूर्वेची बाजू सूर्योदयाकडे करावी आणि मुलाला त्याभोवती फिरू द्यावे. आम्ही तर आरंभ त्याहूनही लहान केला : प्रथम खोलीचा नकाशा, नंतर घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता. त्याच्या दहा पावलांना वहीतील एक चौकोन, असे ठरवले. ‘प्रमाण’ हा शब्द त्याला पुढे शाळेत भेटेल.

दुकान माझ्या थोरल्या बंधूंचे, सांगलीच्या पेठेतील. तेथे हळद निजामाबादहूनही येते, जिरे उंझ्याचे, वेलची इडुक्कीची. ही गावे आपल्या व्यापारी घरांत मोठ्यांना तोंडपाठ असतात. मुलांना मात्र कोणी सांगत नाही, कारण तो धंदा आणि भूगोल म्हणजे अभ्यास. बँकेत असताना मालतारण कर्जांसाठी गोदामे तपासताना मी जो भूगोल शिकलो, तो एम.कॉम.पर्यंतच्या माझ्या एकाही पुस्तकात नव्हता.

त्याच दुकानाच्या भिंतीवर महापुराच्या दोन खुणा आहेत. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. २००५ नंतर बंधूंनी त्या खुणेच्या वर फळ्या ठोकून माल ठेवण्याची सोय केली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. फळ्यांवरचा मालही भिजला. ही हकिकत ऐकून नातवाने विचारले, ‘सांगलीत तर एवढा पाऊस पडत नाही, मग पाणी कोठून आले?’

या प्रश्नाचे उत्तर एकट्या सांगलीच्या नकाशात सापडत नाही. आपल्या राज्यात तिसरीच्या मुलांना स्वतःच्या जिल्ह्याचे पुस्तक देण्याची पद्धत चांगली आहे. मूल आधी आपले गाव ओळखते. परंतु पुस्तक जिल्ह्याच्या सीमेवर थांबते, नदी थांबत नाही. म्हणून आम्ही सातारा जिल्ह्याचा नकाशा सांगलीच्या नकाशाला जोडून अंथरला आणि निळ्या लोकरीचा धागा घेतला. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा वाईवरून कराडला आली. तेथे कोयना धरणाकडून आलेला दुसरा धागा तिला मिळाला. सांगली ओलांडताच हरिपूरला वारणेचा तिसरा. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो, धरण भरले की पाणी सोडावे लागते आणि ते सारे आपल्या पेठेवरून पुढे जाते, हे त्याने स्वतःच बोटाने धागा चाचपत सांगितले. मला फारसे बोलावे लागले नाही. धागा पुढे कर्नाटकात अलमट्टीपर्यंत न्यायचा होता, पण लोकर संपली.

आता पावसाळ्यात सकाळचे वर्तमानपत्र माझ्या हाती उशिरा येते. ‘आजोबा, कोयनेतून किती सोडले?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्याने काढलेला नदीचा नकाशा बंधूंनी दुकानात गल्ल्याच्या मागे चिकटवला आहे, २०१९ च्या खुणेच्याही वर.