चाफ्याला रोज पाणी?

नोव्हेंबर संपता संपता रास अल खैमातली हवा जरा माणसात येते आणि आमच्या ओळखीतल्या बागवाल्यांचे फोन सुरू होतात. "अहो, चाफ्याची पानं पिवळी पडून गळतायत. पाणी वाढवलं, तरी गळतायत." या 'तरी'ने माझं डोकं फिरतं. आधी गळत होती ती झाडाच्या सवयीने. आता कदाचित पाण्याने गळत असतील.

वाळवंट म्हणजे झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी हवंच, हा समज इथे इतका घट्ट बसलाय की ठिबकचा टायमर एकदा जुलैत लावला की पुढच्या जुलैपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. गवताला जे पाणी, तेच जास्वंदीला, तेच चाफ्याला. चाफ्याच्या फांद्या एवढ्या गुबगुबीत का असतात, हे मात्र कोणी विचारत नाही. त्यात पाणी साठवलेलं असतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या कोरड्या ऋतूत पानं टाकून, साठ्यावर तगून राहणारं हे झाड आहे. थंडीत ते झोपतं. झोपलेल्याच्या तोंडात तांब्याने पाणी ओतायचं नसतं.

गेल्या जानेवारीत शेजारच्या काकूंनी बोलावलं. काकू रत्नागिरीच्या, झाडांना हात चांगला. सहा वर्षांचा पांढरा चाफा, एकही पान नाही. बुंधा अंगठ्याने दाबला तर पिकल्या केळ्यासारखा आत गेला. साल सोलली, आत तपकिरी लगदा आणि आंबूस वास. आळ्यात वर बोटभर माती कोरडी ठणठणीत, तिच्यावर पांढरा पापुद्रा. खुरपी वीतभर खाली घातली तर चिखल. "वरून कोरडी दिसायची म्हणून मी रोज घालत होते," काकू म्हणाल्या. पापुद्र्याचा कण जिभेला लावला. खारट.

वाळूतून पाणी झरझर निघून जातं, मग मुळं कुजतील कशी, असं विचारणारे असतात. प्रश्न रास्त आहे. निव्वळ वाळू असती तर कुजली नसती. पण व्हिलाच्या अंगणात नर्सरीतून आणलेली 'स्वीट सॉइल', म्हणजे मीठ कमी असलेली वाळू, असते वरच्या दीड-दोन फुटांत. खाली बांधकामाच्या वेळी रोलरने चेपलेली भर. पाणी तिथे अडतं, वाळूतल्या पोकळ्या भरतात, हवा निघून जाते. मुळांनाही श्वास लागतो, आणि गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेलं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो.

मिठाचं गणित वेगळंच आहे आणि ते कोणी मांडत नाही. नळाचं पाणी समुद्राचं मीठ काढलेलं असतं, ते ठीक. पण बिल पाहून कोणी विहिरीच्या पाण्याचा टँकर मागवतं. दिगदागा भागातल्या शेतांना वर्षानुवर्षांच्या उपशाने विहिरी कशा खारावतात याचा अनुभव आहे. समजा त्या पाण्यात लिटरमागे ३ ग्रॅम क्षार आहेत. रोज २० लिटर घातलं तर ६० ग्रॅम, महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम. एका झाडाच्या आळ्यात! पाणी उन्हाने उडून जातं, मीठ तिथेच बसतं. हे माझं मत नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची पाण्याच्या गुणवत्तेवरची १९८५ ची पुस्तिका लिटरमागे २ ग्रॅमच्या वरचं पाणी सिंचनासाठी कडक मर्यादेच्या वर्गात टाकते. उपाय तिथेही तोच सांगितलाय: गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी एकदाच द्या, म्हणजे क्षार मुळांच्या खाली धुऊन जातील. अर्थात खाली निचरा असेल तर. रोजच्या थोड्या थोड्या पाण्याने उलट होतं. क्षार मुळांपाशीच राहतात आणि मुळंही वरच घुटमळतात. चाफा थोडंफार मीठ सोसतो, म्हणून पहिल्या वर्षी काही कळत नाही.

मग पाणी किती? माझ्या अंगणातला हिशेब सांगतो. जमिनीत रुजलेल्या चाफ्याला मे ते सप्टेंबर चार-पाच दिवसांनी एकदा, पण आळं दोनदा भरून. ऑक्टोबरपासून अंतर वाढवत जायचं. पानं गळाली की महिन्यातून एकदा, तेही खुरपी घालून खाली कोरडं असेल तरच. कुंडीतल्याला जुलैत एक दिवसाआड लागतं, आणि नवीन लावलेल्याला पहिले काही आठवडे रोजसुद्धा, हे कबूल. टोकदार पानांचा चाफा थंडीत पूर्ण बोडका होतो, बोथट गोल टोकांचा बरीच पानं राखतो. दोघांना एकच टायमर चालत नाही.

बाकीचे समज किरकोळ आहेत, पण चिवट. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी, इथपर्यंत बरोबर. म्हणून बुंध्यापाशी खिळा पुरायचा, हे चूक. इथल्या चुनखडीच्या मातीत खिळ्याचा गंज होतो, अन्न होत नाही. नर्सरीत चिलेटेड लोह मागा, आणि डब्यावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं बघून घ्या, कारण अल्कधर्मी मातीत तेच टिकतं. सोनचाफा हा चाफ्याचा भाऊ, हेही खरं नाही. तो मॅग्नोलियाच्या कुळातला, आपला चाफा कण्हेर-तगरीच्या कुळातला. सोनचाफ्याला इथली माती सोसत नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ दिरहम वाचतील. चाफ्याच्या वासाने साप येतो म्हणतात. साप उंदरामागे येतो, त्याला फुलांचं काय! फुलं येत नाहीत म्हणून युरिया घालणाऱ्यांना भरघोस पानं मिळतात. आणि दरवर्षी शेंडे छाटणाऱ्यांनी फुलांची वाट पाहू नये, ती शेंड्यालाच येतात.

ताजी तोडलेली फांदी लगेच मातीत खोचायची, हा शेवटचा. काकूंच्या झाडाच्या वरच्या तीन फांद्या टणक होत्या. कापल्यावर पांढराशुभ्र चीक आला, म्हणजे जिवंत. हातमोजे घालून, हातभर लांबीच्या त्या आम्ही कापल्या आणि सावलीत दहा दिवस नुसत्या टेकवून ठेवल्या. जखम सुकून कडक झाल्यावर मार्चमध्ये कोरड्या वाळूमिश्रित मातीत लावल्या. काकूंनी कुंडीवर चिठ्ठी चिकटवली, 'पानी मत डालो'. माळी पेशावरचा, बोललेलं हिंदी त्याला सगळं कळतं, देवनागरी वाचता येत नाही. चौथ्या दिवशी तिन्ही कुंड्या भिजलेल्या. आता त्या गच्चीवर आहेत आणि गच्चीची किल्ली काकूंच्या कमरेला.