चेहरा टिपण्याआधी माणूस समजून घ्यावा

व्यक्तिचित्रण म्हणजे केवळ चेहऱ्याचे छायाचित्र नव्हे. कॅमेरा, भिंग आणि प्रकाश यांची जुळणी सरावाने साधते. मात्र समोरची व्यक्ती कोण आहे, तिचा दिवस कसा जातो, तिच्या कलेची रीत कोणती, हे ठाऊक नसेल तर उत्तम उपकरणांतूनही ओळखपत्राला शोभेल असेच छायाचित्र हाती येते. पूर्वअभ्यासाने नेमका कोणता फरक पडतो, हे पाहायचे तर पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगावाचे उदाहरण बोलके आहे.

जुन्नर तालुक्यातील हे गाव 'तमाशाची पंढरी' म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी आपल्या यात्रेसाठी फड ठरवायला येतात, तारखा पाहतात, रकमेची घासाघीस होते आणि सुपारी दिली जाते. रंगलेले चेहरे आणि घुंगरांचे पाय टिपायला मिळतील, या आशेने येथे आलेल्या छायाचित्रकाराची मात्र निराशा होण्याचा संभव अधिक. कारण राहुटी हे फडाचे कार्यालय असते, रंगमंच नव्हे. हे आधी माहीत असलेला छायाचित्रकार तारखांच्या फलकाशेजारी बसलेल्या व्यवस्थापकाचे व्यक्तिचित्र घेईल. हंगाम कसा जाणार, याची चिंता त्या चेहऱ्यावर असते आणि ती रंगमंचावर कधीच दिसत नाही.

रीत ठाऊक हवी

तमाशा म्हणजे लावणी, हा शहरी समज पुरेसा नाही. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो; स्त्री-पुरुष दोघेही त्यात काम करतात. संगीतबारीची परंपरा निराळी. तेथे गायन आणि नृत्य करणाऱ्या स्त्रियांना प्राधान्य असते. हा भेद न जाणणारा छायाचित्रकार ढोलकी फडातील प्रत्येक स्त्रीला एकाच ठरीव नखऱ्यात उभे करील आणि सोंगाड्या, गवळणीतली मावशी, ढोलकीवाला व हलगीवाला त्याच्या नजरेतून निसटतील.

वेळेचेही तसेच. फडाचा दिवस रात्री सुरू होतो. प्रवास, खेळ आणि जागरण यांनंतर सकाळी झोपेतून उठवून छायाचित्रासाठी उभा केलेला कलावंत थकलेलाच दिसणार. खेळापूर्वी रंग लावण्याची घटका, किंवा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी होणारी हजेरी, या संधी माहितगारालाच साधता येतात. तंबूच्या रंगीत कापडातून गाळून येणारा उजेड चेहऱ्यावर आपली छटा सोडतो. जागा आदल्या दिवशी पाहून ठेवली, तर त्याचा बंदोबस्त करता येतो.

विठाबाईंचा वारसा

या गावाचे नाव ज्यांच्यामुळे सर्वदूर पोहोचले, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांचे चरित्र हा तर पूर्वअभ्यासाचा पहिला धडा ठरावा. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नामवंत फडाच्या घराण्यात त्या वाढल्या. राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. तरीही अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. खेळ चालू असताना प्रसूत होऊन त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकीकत आजही सांगितली जाते. राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. हा इतिहास जाणणारा माणूस ज्येष्ठ कलावतीला 'जरा लाजून हसा' असे सांगणार नाही. तो त्यांच्या फडाविषयी, गाजलेल्या वगाविषयी विचारील. मग बोलता बोलता चेहऱ्यावर उमटणारा भाव हाच त्या छायाचित्राचा प्राण ठरतो. संदेश भंडारे यांच्या 'तमाशा : एक रांगडी गंमत' या छायाचित्रांच्या पुस्तकाचे मोलही या कलावंतांच्या रंगमंचामागील जगण्याची दखल घेण्यात आहे.

दोन मिनिटांची तयारी

जगप्रसिद्ध उदाहरण युसूफ कार्श यांचे. ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडाच्या संसदेत भाषण करून आलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी त्यांना जेमतेम काही क्षण दिले. कार्श यांनी आदल्या संध्याकाळीच सभापतींच्या दालनात दिवे आणि कॅमेरा मांडून ठेवला होता. त्यामुळे चर्चिल यांच्या तोंडातील सिगार काढून घेताच चेहऱ्यावर आलेला करारीपणा त्यांना टिपता आला. सिगारची गोष्ट सर्वांना आठवते. आदल्या संध्याकाळची तयारी मात्र विसरली जाते.

पूर्वअभ्यासाला फार साधने लागत नाहीत. व्यक्तीविषयी उपलब्ध असलेले वाचावे, तिचे काम एकदा कॅमेऱ्याविना पाहावे, सहकाऱ्यांशी बोलावे, सोयीची वेळ विचारावी आणि छायाचित्र कोठे वापरणार हे सांगून संमती घ्यावी. तमाशा कलावंतांना समाजाकडून टाळ्यांबरोबर उपेक्षाही मिळाली आहे. त्यामुळे कोणाला आपला चेहरा छापून यावा असे वाटणार नाही, आणि तो नकार मानलाच पाहिजे.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. अभ्यासातून पक्के मत बनवून गेले, तर समोरचा माणूस दिसेनासा होतो आणि वाचलेलेच तेवढे दिसते. पूर्वअभ्यास हा योग्य प्रश्न विचारण्यासाठी असतो. उत्तर त्या व्यक्तीलाच देऊ द्यावे. ते उमटण्याच्या क्षणी कॅमेरा सज्ज असणे, हे छायाचित्रकाराचे काम.