पाला तोच, पोट वेगळं

सुबाभळीचा पाला हवाई बेटांवरच्या शेळ्या पोटभर खात आणि तुकतुकीत राहत. तोच पाला ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना रोज भरपूर घातला, तर त्यांचे केस गळत, तोंडातून लाळ वाहे, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजे आणि वजन उतरत जाई. झाड एकाच जातीचं, जनावरंही रवंथ करणारीच. मग एकीकडे खुराक आणि दुसरीकडे विष, हे कसं?

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्याच्या घरचाच आहे. काळीभोर, काटक, बऱ्याचदा जुळी करडं देणारी उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते; जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं तेच राहिलं. तुळजापूर, भूम, परंड्याच्या माळावर ती बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला ओरबाडत जगते. त्यात सुबाभळीची भर पडली. हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला उभ्या केलेल्या बाएफ संस्थेने महाराष्ट्रात त्याचा हिरीरीने प्रसार केला. पाल्यात प्रथिनं भरपूर आणि पाणी कमी असलं तरी झाड तग धरतं, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याला ते वरदान वाटलं, आणि ते वाटणं चुकीचं नव्हतं. तरीही शेळीपालकाला आजवर एकच ताकीद मिळत आली आहे: सुबाभूळ द्या, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको.

पाल्यातल्या विषाचं नाव मिमोसीन. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात हेगार्टी आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले आणि कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, त्याचं काय होतं ते दाखवलं. तिथले जंतू मिमोसीन मोडतात खरे, पण अर्ध्यावर थांबतात. मागे उरतो डीएचपी नावाचा पदार्थ, आणि पुढे कळलं की तो थायरॉइडचं काम बिघडवतो. म्हणजे केस गळवणारं विष जाऊन त्या जागी गलगंड आणणारं विष येतं.

रेमंड जोन्स हे क्वीन्सलँडमधल्या टाउन्सव्हिल इथले, सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे चारापिकांचे अभ्यासक. हवाईच्या शेळ्यांना काहीच कसं होत नाही, या प्रश्नाने त्यांना पछाडलं. उत्तर झाडाच्या वाणात शोधता आलं असतं, शेळीच्या रक्तात शोधता आलं असतं. जोन्स यांनी ते पोटात शोधलं. हवाईतल्या जनावरांच्या कोठीपोटात डीएचपीलाही पचवणारा कुणीतरी राहतो आणि तो ऑस्ट्रेलियात पोचलेलाच नाही, असा त्यांचा संशय होता. १९८१ मध्ये पशुवैद्यांच्या नियतकालिकात त्यांनी तो जाहीरपणे मांडला.

पुरावा मूत्रात होता. जोन्स आणि त्यांचे सहकारी मेगारिटी यांनी दोन्हीकडच्या शेळ्या सुबाभळीवर ठेवून तुलना केली; ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियन शेळ्यांच्या मूत्रातून डीएचपी भरभरून बाहेर पडत होतं, हवाईच्या शेळ्यांच्या मूत्रात ते जेमतेम होतं. मग आली खरी परीक्षा. संशय बरोबर असेल, तर एका जनावराचं पोट दुसऱ्याला देता यायला हवं. इंडोनेशियातल्या एका शेळीच्या कोठीपोटातला रस ऑस्ट्रेलियन शेळ्यांच्या पोटात सोडला, आणि त्या शेळ्या डीएचपी पचवू लागल्या. हा निष्कर्ष १९८४ मध्ये छापून आला. १९८६ मध्ये हवाईच्या शेळ्यांकडून आणलेल्या जंतूंनी तेच करून दाखवलं. पाला बदलला नव्हता, जनावरं बदलली नव्हती. बदलले होते फक्त पोटातले भाडेकरू. पुढे असंही दिसलं की कळपातल्या मोजक्या जनावरांना हा रस पाजला तरी पुरतं, जंतू आपसूक इतरांपर्यंत पोचतात.

अमेरिकेत आयोवाच्या मिल्टन ॲलिसन यांनी तो जंतू वेगळा काढला आणि १९९२ मध्ये त्याचं बारसं झालं: सिनर्जिस्टिस जोन्सी. त्याला हवा सोसत नाही, साखर तो खातच नाही. थोडी अमिनो आम्लं आणि ज्याने गुरं आजारी पडतात तेच डीएचपी, हा त्याचा आहार. मला या साऱ्या कथेत याहून विलक्षण काही वाटत नाही.

असे भाडेकरू आपल्याही पोटात असतात. माणसाला कोठीपोट नाही, मोठं आतडं आहे. ज्वारीतला जो तंतुमय भाग आपले पाचकरस सोडून देतात, तो तिथले जंतू आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावरच पोसतात, दाह आटोक्यात राहतो. २०१० मध्ये इटलीच्या शास्त्रज्ञांनी फ्लॉरेन्समधल्या मुलांची तुलना बुर्किना फासोतल्या बुलपाँ गावातल्या ज्वारी-बाजरी खाणाऱ्या मुलांशी केली. गावातल्या मुलांत तंतू पचवणाऱ्या प्रेव्होटेलासारख्या जंतूंची रेलचेल होती आणि ही आम्लंही जास्त होती. तंतू मिळेनासे झाले तर काय होतं, ते २०१६ मध्ये उंदरांत दिसलं: उपाशी जंतू आतड्याचं रक्षण करणारा चिकट थरच खाऊ लागतात आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या सोननबर्ग दांपत्याच्या गटाने माणसाचे जंतू पोटात असलेल्या उंदरांना पिढ्यान् पिढ्या तंतूहीन आहार दिला. दर पिढीला काही जंतू कमी होत गेले. चौथ्या पिढीला पुन्हा तंतू दिले, तरी गेलेले परतले नाहीत. परतले ते, तंतूंच्या जोडीला हरवलेले जंतूही बाहेरून दिले तेव्हाच. जोन्स यांनी शेळ्यांना जे दिलं, तेच या उंदरांनाही द्यावं लागलं.

धाराशिवच्या खरिपात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे. ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला, शाळेच्या वाटेवर बिस्किटांचे पुडे आले. पुण्यात एनसीसीएस या संशोधन संस्थेचे योगेश शौचे आणि आघारकर संस्थेचे दिलीप रानडे यांच्या गटाने २०१२ मध्ये एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या पोटातले जंतू तपासले होते, आणि वयाप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं हे दाखवलं होतं. आघारकरमध्येच माणसाच्या विष्ठेतून मेगास्फिरा इंडिका ही नवी जात वेगळी काढली गेली आणि २०१४ मध्ये तिची नोंद झाली. हात तयार आहेत, प्रयोगशाळा तयार आहेत. कळंब-वाशीकडे दोन्ही वेळा भाकरीच खाणाऱ्या आज्या आहेत, आणि त्यांच्याच घरात भाकरीला हात न लावणारी नातवंडं आहेत. या दोघांच्या विष्ठेचे नमुने आत्ताच घेऊन जपून ठेवायला हवेत, आज्या आहेत तोवर.