दणकट पेटीच्या शोधात

2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या गल्लीत शिरलं. अब्बांची लोखंडी ट्रंक मुलांनी उचलून माळ्यावर टाकली. संगणकाची उंच पेटी मात्र माळ्यावर मावेना. ओढाताणीत तिची चौकट पिळली आणि आतला बोर्ड तडकला. माझ्या वीस वर्षांच्या कविता त्यात होत्या. हार्ड डिस्क वाचली, म्हणून कविताही वाचल्या.

तेव्हापासून मी लहान आणि मजबूत पेटी शोधतो आहे. या पेटीला आपण 'सीपीयू' म्हणतो. पण खरा सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीएवढी चिप. बाहेरचं ते कॅबिनेट. दुकानात गेलो की काचेची, दिव्यांनी झगमगणारी उंच कॅबिनेटं पुढे येतात. "चाचा, लहान हवं तर हे घ्या," म्हणून एक दाखवलं, त्याचा पत्रा अंगठ्यानं दबला!

असं का व्हावं? इंटेलनं 1995मध्ये एटीएक्स हे माप ठरवलं. तो बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटरचा, म्हणून पेटीही मोठी. पुढे 2001मध्ये व्हिया कंपनीनं 170 मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला. म्हणजे लहान पेटी अशक्य नाही. अडतं ते हिशेबात. पत्रा कापायचे, वाकवायचे साचे महाग असतात. हजारो पेट्या खपल्या तरच तो खर्च निघतो. पण लहान यंत्र हवं असणारे बहुतेक लोक लॅपटॉपकडे किंवा बंद डब्यासारख्या मिनी पीसीकडे वळले. उरले खेळ खेळणारे. त्यांची ग्राफिक्स कार्डंच फूटभर लांब. शिवाय लहान पेटीत हवा खेळवणं अवघड, आणि जाड पत्र्यानं वजन वाढतं, वाहतूक महागते. मग कात्री लागते ती पत्र्याला.

तुम्ही घ्यायला गेलात तर बाजूचं झाकण दाबून पाहा. रिकामी पेटी एका कोपऱ्यानं उचला. चौकट पिळली तर ठेवून द्या. हवेच्या जाळ्या आणि आत बसणाऱ्या पॉवर सप्लायचं मापही विचारा. बारक्या पेटीत नेहमीचा पॉवर सप्लाय बहुधा बसत नाही.

माझा शोध चालू आहे. तोवर कवितांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन अब्बांच्या ट्रंकेत ठेवली आहे.