कात्रीनं घडवलेली प्रेमकथा

एक तरुण खोलीत ग्रामोफोनवर गाणं लावतो, मेणबत्ती पेटवतो, खुर्चीवर चढतो आणि गळफास घेतो. आई येते, त्याच्याकडे एक नजर टाकते आणि शांतपणे फोनवर बोलत बसते. जाताना बजावते, जेवण आठ वाजता आहे. 'हॅरल्ड अँड मॉड' (१९७१) सुरू होतो तो असा. आत्महत्येची नाटकं हा श्रीमंत घरातल्या हॅरल्डचा एकमेव छंद. दुसरा छंद म्हणायचाच तर अनोळखी माणसांच्या अंत्ययात्रांना जाणं. तिथेच त्याला ऐंशीला टेकलेली मॉड भेटते आणि तो तिच्या प्रेमात पडतो.

कथा कॉलिन हिगिन्सची, कॅलिफोर्निया विद्यापीठात सिनेमा शिकताना लिहिलेली. दिग्दर्शक हॅल अ‍ॅशबी मूळचा संकलक. मला हा सिनेमा आधी संकलकाचा वाटतो, नंतर दिग्दर्शकाचा. डेझीच्या फुलांसारखी माणसंही वेगवेगळी असतात, पण त्यांना सरसकट एकसारखं वागवलं जातं, असं मॉड सांगते. पुढच्याच क्षणी कॅमेरा मागे सरकत जातो आणि पडदा पांढऱ्या, एकसारख्या थडग्यांनी भरून जातो. ते सैनिकांचं कब्रस्तान आहे. व्हिएतनाम युद्ध तेव्हा चालू होतं. त्यावर कुणीही भाष्य करत नाही.

याहून धाडसी प्रसंग सूर्यास्ताचा. हॅरल्ड मॉडचा हात हातात घेतो आणि तिच्या मनगटाच्या वर गोंदलेला नाझी छळछावणीतला क्रमांक क्षणभर दिसतो. पापणी लवली तर तो निसटतोच. मॉड त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, समुद्रपक्ष्यांविषयी बोलत राहते. पण मरणाशी खेळणारा मुलगा आणि मरण पाहून आलेली बाई यांच्यातलं अंतर तेवढ्यात कळतं. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानं इथे फ्लॅशबॅक आणि व्हायोलिनं आणली असती. (आपल्याकडे तर पाऊसही पडला असता.)

रूथ गॉर्डनची मॉड क्वचित अतिगोड होते, हे मान्य करायला हवं. शहाणपणाची वाक्यं तिच्या वाट्याला जरा जास्तच आली आहेत. ती तोल सांभाळते हॅरल्ड झालेल्या बड कॉर्टच्या निर्विकार चेहऱ्यामुळे. कॅट स्टीव्हन्सची गाणी मात्र कुठेच खटकत नाहीत.

समीक्षकांनी सिनेमा झोडपला, धंदाही झाला नाही. तो जगला तो कॉलेजांतल्या खेळांवर आणि छोट्या थिएटरांत. मिनेसोटातल्या इडायना गावी तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर तो उतरवा म्हणून गावकऱ्यांनीच फलक घेऊन निदर्शनं केली! १९९७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली, तेव्हा अ‍ॅशबी आणि हिगिन्स दोघांनाही जाऊन नऊ वर्षं झाली होती. अ‍ॅशबीला आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं, तेही या सिनेमाच्या आधी, 'इन द हीट ऑफ द नाइट'च्या संकलनासाठी.