एक घटका शारदेची

गणरायासमवेत शारदेचेही स्मरण करावे, ही आम्हां कीर्तनकारांची परंपरा. परंतु गतवर्षी चातुर्मासातील कीर्तनांच्या धावपळीत आमचे स्वतःचे पदलेखनच सुटले. मुखी नाम होते, अंतरी मात्र कोरड पडली. तेव्हा येथील टिळक आळीत, लोकमान्यांच्या जन्मघरी, जाऊन बसलो. मंडालेच्या कारावासात, मधुमेह जडलेला असताना, १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. बंदिवासात त्यांना जे साधले, ते स्वगृही आम्हांस का साधू नये? त्या दिवसापासून पहाटेची एक घटका, म्हणजे अवघी २४ मिनिटे, आम्ही पदरचनेस देतो. मन पुन्हा ओलावले आहे. वाचकहो, मोदकांच्या गडबडीतही ओवी, रांगोळी वा मृदंग यांसाठी आपण एक घटका राखावी. तीही गजाननाची पूजाच होय.